देहांतील अफू

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यानें नदीनाका ओलांडला कीं शेलार गांव लागतें. या बाजूस यंत्रमागांची खटखट ज्यांच्या कानांत सदोदित असते, त्या बंधूंना पुढील गोष्ट नवीन वाटणार नाहीं. भरवेगानें चाललेल्या मागांतून कधीं कधीं धोटा निसटतो व मागकऱ्याच्या हातावर किंवा कपाळावर बसतो. रक्त येतें, तरी तो मनुष्य फडकें गुंडाळून तुटलेलीं सुतें जोडीत उभा राहतो, आणि कोणी विचारलें तर "कांहीं नाहीं, फारसें लागलें नाहीं" असें म्हणतो. तो खोटें बोलत नसतो. पाळी संपवून घरीं येऊन अंथरुणावर पडल्यावर मात्र तोच हात असा ठणकूं लागतो कीं झोंप येत नाहीं. जखम तर सकाळचीच. मग इतका वेळ दुखणें कोठें गेलें होतें?

हाच प्रश्न दुसऱ्या महायुद्धांत हेन्री बीचर नांवाच्या अमेरिकन डॉक्टरास पडला. १९४४ सालीं इटलींतील रणांगणावर भयंकर जखमी झालेले शिपाई त्याच्यापुढें आणले जात, आणि "वेदना थांबवण्याचें औषध हवें काय?" असें विचारल्यास त्यांतील बहुतेक जण "नको" म्हणत. तितकीच जखम शस्त्रक्रियेनें झालेले घरचे रोगी मात्र औषधासाठीं विनवणी करीत. बीचरनें अनुमान केलें कीं शिपायाला त्या जखमेंत सुटका दिसत होती. आतां रणांगण सुटलें, प्राण वाचले, असें त्याच्या मनानें घेतलें होतें. अनुमान चांगलें होतें, पण मनाचा विचार देहाची वेदना कोणत्या हातानें दाबून धरतो, हें त्यावरून कळलें नाहीं.

उत्तर आलें तें अफूच्या वाटेनें. अफूंतील मुख्य द्रव्य मॉर्फिन होय. तें वेदना शमवितें हें ठाऊक होतें. कसें शमवितें हें ठाऊक नव्हतें. १९७३ सालीं अमेरिकेंत व स्वीडनमध्यें निरनिराळ्या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, मेंदूंतील कांहीं पेशींवर मॉर्फिनचा कण नेमका बसेल अशा जागा आहेत. कुलुपांत किल्ली बसावी तशा. मग विचारी माणसांस सहजच प्रश्न पडला: मनुष्याच्या मेंदूनें खसखशीच्या बोंडासाठीं कुलूप घडवून कां ठेवावें? किल्ली देहांतच असली पाहिजे. १९७५ सालीं स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथें जॉन ह्यूझ व हान्स कोस्टरलिट्झ यांनीं डुकराच्या मेंदूंतून ती किल्ली शोधून काढली. पुढें याच जातीचीं आणखीहि द्रव्यें सांपडलीं, आणि त्या सर्वांस 'एंडॉर्फिन', म्हणजे देहाच्या आंतलें मॉर्फिन, हें नांव रूढ झालें.

१९७८ सालच्या एका प्रयोगानें तर मोठीच मौज झाली. दाढ काढलेल्या रोग्यांस, औषधाचा गुण नसलेलेंच द्रव्य वेदनाशामक असेल या आशेवर टोंचण्यांत आलें, आणि कित्येकांचें दुखणें खरोखर कमी झालें. नंतर त्यांस नॅलॉक्सोन दिलें. हें औषध वरील कुलुपांत नुसतें अडकून बसतें व किल्लीला आंत येऊं देत नाहीं. तें देतांच त्यांचें दुखणें वाढलें! म्हणजे औषधावरील भरंवशानें जो आराम पडला होता, तो कल्पनेंतला नव्हता. भरंवशानें देहांतील एंडॉर्फिन सुटलें होतें. घाबरलेल्या रोग्याशीं दोन शब्द धीराचे बोलणाऱ्या परिचारिकेस हें न सांगतांहि माहीत असावें.

धोक्याच्या वेळीं हें द्रव्य कां सुटतें, तेंहि पाहण्यासारखें आहे. मेंदूच्या तळाशीं असलेल्या एका लहानशा ग्रंथींत एक लांब प्रथिन तयार होतें व त्याचे तुकडे केले जातात. एक तुकडा रक्तांतून मूत्रपिंडांवरील ग्रंथींकडे जाऊन सर्व देहास "संकट आलें, सज्ज हो" असा निरोप देतो. दुसरा तुकडा म्हणजेच एक प्रकारचें एंडॉर्फिन. हांक आणि आधार, दोन्ही एकाच धाग्याचे.

आतां या ज्ञानाची दुसरी बाजू. मुंबईच्या कापडगिरण्यांत एकेकाळीं हजारों स्त्रिया काम करीत, व कामावर जातांना तान्ह्या मुलास अफूची 'बाळागोळी' देऊन निजवीत. १९२२ सालीं डॉक्टर बार्न्स या बाईंनीं सरकारसाठीं चौकशी केली, तेव्हां कामगार स्त्रियांच्या मुलांपैकीं शेंकडा ९८ मुलांस अफू मिळत असल्याचें त्यांनीं नमूद केलें. त्या माउल्यांस दोष देणें आम्हांस धजत नाहीं. घरीं मूल सांभाळणारें कोणी नसे आणि पाळी चुकली तर भाकर चुके. परंतु श्वास चालविणाऱ्या मेंदूच्या भागांतहि तींच कुलुपें आहेत, म्हणून मात्रा जराशी वाढली कीं मुलाचा श्वास मंदावे. शिवाय बाहेरून किल्ल्या येतच राहिल्या तर कुलुपें बोथट होतात. मग पूर्वीची मात्रा पुरत नाहीं, आणि अफू तोडल्यास वेदना दुप्पट भासते. व्यसन म्हणतात तें यालाच. दारूच्या घोटानेंहि मेंदूंत एंडॉर्फिन सुटतें. म्हणूनच तीं कुलुपें अडविणारें नाल्ट्रेक्सोन हें औषध दारू सोडूं इच्छिणाऱ्यांस डॉक्टर देतात. ज्यांच्या घरीं हें दुःख आहे त्यांनीं डॉक्टरांस त्याविषयीं अवश्य विचारावें. मात्र अफूच्या जातीचें कोणतेंहि औषध चालूं असल्यास तें आधीं सांगावें.

विकत न घेतां हें द्रव्य मिळण्याचे मार्ग साधे आहेत. १९९५ सालीं डॉ. मदन कटारिया यांनीं मुंबईंत अवघ्या पांच माणसांनिशीं हास्यक्लब काढला, तेव्हां पुष्कळांनीं थट्टा केली. पुढें २०१७ सालीं फिनलंडमधील संशोधकांनीं मेंदूचें चित्र घेऊन दाखविलें कीं, मित्रांसह मनसोक्त हंसल्यानंतर मेंदूंत हीं द्रव्यें खरोखर सुटतात. एकत्र गाणाऱ्यांची वेदना सोसण्याची शक्ति वाढते असेंहि आढळलें आहे. भजनाच्या मंडळींना याचें नवल वाटूं नये. व्यायामानें वाटणारा सर्व आनंद मात्र एंडॉर्फिनचाच, असें जें सर्रास छापलें जातें तें तितकेंसें खरें नाहीं. त्यांत देहांतील दुसऱ्या द्रव्यांचाहि वांटा आहे.

आणि हें दान देह मोजूनच देतो, तेंहि बरेंच आहे. वेल्लोर येथें डॉ. पॉल ब्रँड यांनीं कुष्ठरोग्यांचीं बोटें झिजतात तीं कां, याचा शोध केला, तेव्हां असें दिसलें कीं रोग बोटें खात नाहीं. वेदना कळत नसल्यामुळें रोगी तापलेलें भांडें धरतो, जखमेवर भार देऊन चालतो, आणि बोटें गमावतो. मागावरच्या बंधूस एंडॉर्फिन तास-दोन तासांची सवड देतें, जखम बरी करीत नाहीं. तेव्हां धोटा लागला कीं, दुखत नसलें तरी, साबण-पाण्यानें जखम धुवावी, हाड हलतें काय तें पाहावें, आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन धनुर्वाताची सुई घेण्याची गरज आहे काय हें विचारावें. रात्रीं ठणका लागेपर्यंत थांबूं नये.