संगणकावरील पत्त्यांचा खेळ : मूल्य कोणी आणि कसे चुकवावे?

रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. या खेळात बहुतेक पाने खेळताना ‘माना’ नावाच्या शक्तीच्या रूपाने मूल्य द्यावे लागते. ही शक्ती मुख्यतः भूमीच्या पानांपासून मिळते आणि तिचे पांढरा, निळा, काळा, तांबडा व हिरवा असे पाच रंग आहेत. भूमीचे पान आडवे केले, म्हणजे तिची शक्ती वापरली गेली. टेबलावर हे काम खेळाडूचे हात करतात. संगणकावर ते कोणी करावे?

२०१४ साली आलेल्या ‘हार्थस्टोन’ या खेळात हा प्रश्न उद्भवत नाही. तेथे सामान्यतः प्रत्येक पाळीला एकेक स्फटिक वाढत जाऊन दहापर्यंत पोहोचतो. सारे स्फटिक सारखेच असल्यामुळे मूल्य देणे म्हणजे निव्वळ वजाबाकी होय.

रंग आले की गणित बदलते. समजा, खेळाडूजवळ दोन भूमी आहेत. पहिली केवळ तांबडी शक्ती देते. दुसरी तांबडी किंवा हिरवी यांपैकी कोणतीही एक देते. पानाचे मूल्य एक तांबडी व एक हिरवी शक्ती एवढे आहे. संगणकाने तांबड्या मागणीसाठी दुसरी भूमी वापरली, तर हिरव्या मागणीसाठी काहीच उरत नाही. म्हणून मागण्या एकेक न भागवता सर्वांचा एकत्र विचार केला पाहिजे. गणितज्ञ फिलिप हॉल यांनी १९३५ मध्ये मांडलेला सिद्धान्त येथे लागू पडतो : मागण्यांचा कोणताही गट घेतला, तरी त्याला उपयोगी पडणाऱ्या भूमी त्या मागण्यांहून कमी नसतील, तर आणि तरच सर्व मागण्या पुऱ्या होतात.

एवढे गणित यंत्राला सहज जमते. परंतु शक्य असलेल्या अनेक मार्गांपैकी इष्ट कोणता, हे त्याला कसे कळावे? ‘काउंटरस्पेल’ हे पान दोन निळ्या शक्ती घेऊन प्रतिस्पर्ध्याचा मंत्र निष्फळ करते. दोन निळ्या भूमी उभ्या दिसल्या की प्रतिस्पर्धी सावध होतो. मग ते पान हाती असो वा नसो. यंत्राने नेमक्या त्याच भूमी आडव्या केल्या, तर नियमभंग काहीच होत नाही, पण डाव हातचा जातो. खेळाडूचा हेतू पटावर लिहिलेला नसतो.

यावरून काही तत्त्वे निष्पन्न होतात. मूल्य देणे शक्य आहे की नाही, हे यंत्राने आधीच तपासावे. सर्व मार्ग समान असतील, तेथे त्याने स्वतःच व्यवहार पुरा करावा. जेथे फरक पडतो, तेथे कोणत्या भूमी खर्ची पडणार हे आधी दाखवावे आणि त्या बदलण्याची मुभा द्यावी. प्रतिस्पर्ध्याला नवी माहिती मिळण्यापूर्वी पाऊल मागे घेता यावे. हिशेब यंत्राने ठेवावा. निवड मात्र खेळाडूचीच असावी.