इंजिन बदलले, पण ब्रेकचे काय?

परभणीहून झरी, बोरीमार्गे जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर तुम्ही जीपने कधी ना कधी प्रवास केलाच असेल. मराठवाड्यातील अशा रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या जीपगाड्या वर्षानुवर्षे धावत आल्या. गाडी जुनी झाली आणि इंजिन दमले, की मालकाच्या मनात एक विचार येतो. सांगाडा तर धड आहे. मग मोडीत निघालेल्या दुसऱ्या गाडीचे चांगले, ताकदवान इंजिन यातच का बसवू नये? त्यातून ते टर्बोचे असेल तर सोन्याहून पिवळे!

इंजिन बसते, गाडी पळते, सगळे खूश होतात. पण एक प्रश्न विचारायचा राहून जातो. इंजिन दुसरे आले, पण गाडी थांबवणारे ब्रेक आणि धूर बाहेर नेणारी नळी जुनीच राहिली. त्यांना हे नवे ओझे पेलेल का? आज आपण याचा हिशेब करून पाहू.

टर्बो म्हणजे काय?

इंजिनात इंधन जाळायचे तर हवा हवी. साधे इंजिन पिस्टनच्या ओढीने जेवढी हवा आत येईल तेवढ्यावर भागवते. बाहेर जाणाऱ्या गरम धुरात मात्र बरीच ऊर्जा वाया जात असते. त्या धुराच्या झोताने एक छोटे चाक फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने ताजी हवा दाबून इंजिनात भरायची, ही झाली टर्बोची युक्ती. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने 1905 साली तिचे पेटंट घेतले. आजच्या मोटारींतील टर्बोची चाके मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतात.

आपल्याकडचे उदाहरण पाहा. टाटा कंपनीची सुमो 1994 साली आली, ती बिनटर्बोच्या 2 लिटरच्या डिझेल इंजिनासह. 1998 साली आलेल्या सफारीत जवळजवळ तेवढ्याच मापाच्या डिझेल इंजिनाला टर्बो जोडलेला होता. इंजिनाचे आकारमान तेच, पण हवा जास्त म्हणून इंधन जास्त, आणि म्हणून शक्तीही जास्त.

वेगाचा वर्ग

आता ब्रेककडे वळू. ब्रेक नेमके काय करतो? तो चाक धरतो, हे उत्तर अपुरे आहे. धावत्या गाडीत गतिज ऊर्जा असते. ऊर्जा नाहीशी होत नाही, तिचे रूप बदलते. ब्रेक या गतिज ऊर्जेची घर्षणाने उष्णता करतो आणि ती उष्णता हवेत सोडतो.

गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्हाला ठाऊक आहे: वस्तुमानाची निमपट गुणिले वेगाचा वर्ग. प्रवाशांसह 2000 किलोग्रॅमची जीप घ्या. जुन्या इंजिनावर ती ताशी 60 किलोमीटरने चालत होती. तिची ऊर्जा सुमारे 2 लाख 78 हजार ज्यूल होते. नव्या इंजिनावर ती ताशी 90 किलोमीटरने चालू लागली, तर ऊर्जा 6 लाख 25 हजार ज्यूल होते. वेग दीडपट झाला, पण ऊर्जा सव्वादोन पट झाली!

एवढी उष्णता म्हणजे किती? 27 अंश सेल्सिअसचे दोन लिटर पाणी उकळीला आणता येईल इतकी. आणि ती अवघ्या काही सेकंदांत, चार चाकांच्या लोखंडात निर्माण होते.

ब्रेक तापतात तेव्हा

समजा, चारही ब्रेकड्रमचे मिळून 25 किलोग्रॅम लोखंड आहे. एक किलोग्रॅम लोखंड एक अंशाने तापवायला सुमारे 460 ज्यूल लागतात. ताशी 60 च्या वेगातून गाडी एकदा थांबवली, तर ड्रम सुमारे 24 अंशांनी तापतील. ताशी 90 मधून थांबवली, तर सुमारे 54 अंशांनी. आता रस्त्यात बैलगाडी, शेळ्या आणि खड्डे लागले आणि लागोपाठ पाच वेळा ब्रेक मारावा लागला. हवेने थंड व्हायला वेळच मिळाला नाही असे धरले, तर मूळच्या 40 अंशांवरून जुनी गाडी 160 अंशांवर पोहोचते आणि नवी 310 अंशांवर!

अशा वेळी तीन गोष्टी घडतात. पहिली, फार तापलेल्या लायनरची पकड कमी होते. दुसरी, ड्रम तापून फुगतो व आतल्या लायनरपासून दूर जातो, म्हणून पायाला पेडल जास्त खोल दाबावे लागते. तिसरी गोष्ट सर्वांत घातक. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट 3 प्रकारचे ताजे ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पण ओलावा शोषल्यावर तेच 140 अंशांच्या आसपास उकळू शकते. द्रव दबत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. वाफ मात्र दबते. मग पेडल तळाला टेकते आणि गाडी तशीच पुढे जाते.

म्हणून शक्ती वाढवली की पुढच्या चाकांना वाऱ्यात उघड्या राहणाऱ्या डिस्क, चांगले पॅड आणि ताजे ऑइल लागते. मात्र एक गैरसमज नको. मोठ्या डिस्कमुळे पहिल्याच ब्रेकला गाडी निम्म्या अंतरात थांबेल असे नाही. चाके जाम करण्याइतका जोर जुन्या ब्रेकमध्येही असू शकतो. त्यापुढे टायर रस्ता किती धरतो यावर अंतर ठरते. मोठ्या ब्रेकचा खरा उपयोग दहाव्या वेळी कळतो: तो पहिल्याइतकाच लागतो.

इंजिनाकडून ब्रेकला मिळणारी मदत

पुष्कळ गाड्यांत पेडलला जोर देणारा बूस्टर असतो. तो हवेच्या निर्वातावर चालतो. पेट्रोल इंजिनात हवा आत घेणाऱ्या नळीत हा निर्वात आपोआप मिळतो. डिझेल इंजिनात तो पुरेसा मिळत नाही, आणि टर्बो जोरात असताना तर त्या नळीत उलट दाब असतो. म्हणून डिझेल गाडीत निर्वातासाठी वेगळा पंप असतो. पेट्रोलच्या गाडीत टर्बो डिझेल बसवले आणि हा पंप जोडायचा राहिला, तर ब्रेक दगडासारखा कठीण लागेल.

धुराची वाट

2 लिटरचे इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्यांवर सुमारे 3000 लिटर हवा ओढते. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांना एकदा हवा आत येते, हे लक्षात घ्या. टर्बोने दाब दीडपट केला, तर हा आकडा 4500 च्या जवळ जातो. शिवाय 600 अंशांना तापलेला वायू जवळजवळ तिप्पट फुगतो. एवढा धूर जुन्या अरुंद नळीतून जायचा कसा?

इथेही पुन्हा वर्गच भेटतो. त्याच नळीतून प्रवाह दीडपट केला, की अडथळा सुमारे सव्वादोन पट होतो. टर्बोचे चाक फिरते ते त्याच्या दोन बाजूंच्या दाबातील फरकावर. मागे धूर तुंबला, की फरक घटतो, चाक मंदावते, हवा कमी पडते, काळा धूर निघतो आणि इंजिन तापते. नळीचा व्यास 50 मिलिमीटरवरून 62 केला, तर तिचे क्षेत्रफळ दीडपटीहून थोडे जास्त होते आणि धुराला वाट मिळते.

म्हणजे सायलेन्सर काढूनच टाकावा का? मुळीच नाही. कानठळ्या बसवणारा आवाज म्हणजे शक्ती नव्हे. धूर शुद्ध करणारी उपकरणेही काढायची नसतात. आपण सारे तीच हवा श्वासात घेतो. आणि ही तापलेली नळी ब्रेक ऑइलच्या नळीजवळून नेली, तर वर सांगितलेली उकळी न बोलावता येईल!

कायदा काय सांगतो?

गाडीच्या नोंदणीपुस्तकात इंजिनाचा क्रमांक असतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम गाडीतील बदलांवर बंधन घालते. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले, की कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. यामागचे कारण आता तुम्हाला कळले असेल. नवे वाहन रस्त्यावर येण्याआधी पुण्यातील ए.आर.ए.आय.सारख्या संस्था त्याच्या चाचण्या घेतात. त्यांत ब्रेक पुन्हा पुन्हा लावून, तापवून पाहण्याचीही चाचणी असते. इंजिन बदलले, की त्या चाचणीचा निकाल त्या गाडीला लागू राहत नाही.

तेव्हा घरी किंवा गॅरेजात कोणी नव्या इंजिनाची गोष्ट काढली, तर क्रम सांगा: आधी परवानगी, मग ब्रेक, मग धुराची वाट आणि शेवटी इंजिन. मागे दहा माणसे बसलेली असतात. ती पोहोचतात ब्रेकच्या भरवशावर.

करून पाहा

1. मोकळ्या मैदानात सायकल थोडी वेगाने चालवून ब्रेकने थांबवा. लगेच ब्रेकच्या रबराला हलकेच बोट लावा. काय जाणवते?

2. शीतपेयाच्या बारीक नळीतून आणि मग कागदाच्या जाड पुंगळीतून जोराने फुंका. गालांवर दाब कशात जास्त येतो?

3. हीच जीप ताशी 120 किलोमीटरने धावली, तर तिची ऊर्जा 60 च्या वेळेपेक्षा किती पट होईल? पाच वेळा थांबवल्यावर ड्रम किती तापतील?