जुन्या ग्रंथातील एक ओळ

शास्त्रज्ञ म्हटला की परीक्षानळी आणि सूक्ष्मदर्शक यंत्रच आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु पूर्वी कोणी काय लिहून ठेवले आहे हे धुंडाळण्यातही संशोधकाचे पुष्कळ आयुष्य जाते, आणि सापडलेले वाचावे कसे, हा प्रश्न त्याहून अवघड असतो. यासाठी आम्ही चीनमधील एक उदाहरण घेतो.

व्हिएतनामच्या युद्धात सैनिक हिवतापाने जर्जर झाले होते व क्लोरोक्विन हे औषध लागू पडेनासे झाले होते. म्हणून २३ मे १९६७ रोजी चिनी सरकारने नव्या औषधाच्या शोधाची गुप्त योजना हाती घेतली. १९६९ मध्ये यूयू तू या औषधशास्त्रज्ञ विदुषीकडे त्यातील एका पथकाची धुरा आली. त्यांनी जुने वैद्यकग्रंथ चाळले, अनुभवी वैद्यांना विचारले, दोन हजारांवर औषधी पाठ जमविले व त्यांतील ६४० निवडून त्यांचे संकलन केले. मग चाचण्या सुरू झाल्या. बहुतेक पाठ निरुपयोगी ठरले. जुन्या ग्रंथांत सर्व काही आहे असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे!

चिंगहाओ या वनस्पतीचा अर्क उंदरांवर एकदा चांगला लागू पडला. पुढे मात्र तो गुण येईना. दुसरा कोणी ती यादीतून खोडून मोकळा झाला असता. यूयूबाई पुन्हा ग्रंथांकडे वळल्या. चौथ्या शतकातील गे हाँग याने ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून, तिचा रस प्यावा असे सांगितले होते. काढा उकळण्याचे नावही त्यात नव्हते. तेव्हा उष्णतेनेच गुण नष्ट होत असावा, असा तर्क त्यांनी केला. ईथर सुमारे ३५ अंशांवरच उकळते. म्हणून त्यात कमी उष्णतेवर अर्क काढला, त्यातील विषारी आम्लभाग वेगळा केला, आणि ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांच्या रक्तातील हिवतापाचे जंतू पूर्णपणे नाहीसे केले. १९७२ मध्ये बाईंनी व सहकाऱ्यांनी तो अर्क प्रथम स्वतः घेऊन पाहिला, मगच रोग्यांना दिला. त्यातून आर्टेमिसिनिन हे औषध हाती आले. २०१५ साली बाईंना नोबेल पारितोषिक मिळाले.

एक गोष्ट मात्र त्या ग्रंथाने सांगितली नव्हती. चिंगहाओ या नावाखाली एकाहून अधिक वनस्पती वापरात होत्या. औषधी द्रव्य त्यांपैकी एकीतच निघाले, आणि तेही तिच्या पानांत.