ओल्या आल्याचा धडा

मागे एकदा देवळाली प्रवरा येथे एका घरी आम्ही बसलो असता चहा नासला. घरच्या बाईंनी लागलीच गवळ्यास बोल लावला. तो शिळे दूध घालतो, उद्यापासून त्याचा रतीब बंद, असे त्या म्हणाल्या. आम्ही चुलीपाशी पाहिले, तो कोमट दुधात कच्चे आले किसून घातलेले होते. कच्च्या आल्याच्या रसात दुधातील प्रथिने फोडणारा एक पदार्थ असतो, त्यामुळे कोमट दूध फाटते. आले आधी पाण्यात खळखळ उकळले म्हणजे त्याचा हा गुण नाहीसा होतो. बाईंनी तसे केले. चहा उत्तम झाला व गवळ्याचा रतीबही राहिला. अज्ञानामुळे निरपराधी मनुष्यावर दोष येतो तो असा. यास्तव आल्याविषयी चार गोष्टी नीट शिकून घेऊ.

आले हे मूळ नव्हे, ते जमिनीखाली वाढणारे खोड होय. आपल्याकडे सातारा व छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत त्याचे पीक बरेच होते. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास बेणे लावतात. सहा महिन्यांनी काढलेले आले कोवळे असते. ते चोळून धुतले तरी पुरे. आठ-नऊ महिन्यांचे आले जून होते. त्याची साल काढावी लागते.

पहिली गोष्ट धुण्याची. सांध्यांत माती दडलेली असते, म्हणून गड्ड्याची बोटे मोडून सुटी करावी, दहा मिनिटे पाण्यात ठेवावी, मग घासून धुवावी.

दुसरी सोलण्याची. विळीने जाड साल काढू नये. आल्याचे सुवासिक तेल सालीच्या अगदी खालीच भरलेले असते. जाड साल काढणारा पैसे देऊन घेतलेला उत्तम भाग उकिरड्यावर टाकतो. चमच्याच्या कडेने हलके खरवडावे, म्हणजे साल तेवढी निघते. केरळात सुंठ करणारे लोक याच कारणास्तव बांबूच्या कामटीने आले खरवडीत आले आहेत.

तिसरी चिरण्याची. आल्यातील दोरे लांबीने जातात, म्हणून प्रथम आडव्या पातळ चकत्या कराव्या, मग ठेचावे किंवा वाटावे. ज्या गुणाने दूध फाटते त्याच गुणाने मांस मऊ होते. म्हणून मटणास वाटण लावून अर्धा तास ठेवावे. वाटलेला हात डोळ्यांस लावू नये.

चौथी राखण्याची. लागेल तेवढेच सोलावे. उरलेले सालीसकट किंचित ओलसर वाळूत ठेवावे. बुरशी आलेले आले खाण्यात घेऊ नये.

प्रश्न : १. आल्याची साल पातळ का काढावी? २. चहात आले केव्हा घालावे? ३. दूध फाटल्यास गवळ्यास बोल लावण्यापूर्वी काय पाहावे?