पोरा, पेट्या भरायच्या त्या अशा

पोरा, स्वतःचं फिटिंगचं काम सुरू करतोयस आणि एकावर एक बसणाऱ्या पेट्यांचा अख्खा संच आणायचा तुझा बेत आहे, असं तुझी आई सांगत होती. पेट्या चांगल्याच आहेत, घ्यायच्याच आहेत. पण त्याआधी दोन आठवडे एक वही जवळ ठेव. कोणत्या कामाला गेलास, पिशवीतून काय काय बाहेर काढलंस, काय न वापरता परत आणलंस आणि कशासाठी काम अर्धवट सोडून हार्डवेअरच्या दुकानात पळावं लागलं, एवढंच रोज संध्याकाळी लिही. किती पेट्या लागतील आणि किती उंचीच्या, ते त्या वहीतून निघेल. दुकानदाराला विचारलंस तर तो संचच गळ्यात मारेल.

माझे मिस्त्री जुन्या वळणाचे सुतार. रंधे, पटाशा, गुण्या, गिरमिट हे सगळं त्यांच्या सागवानी पेटीत असायचं, पण कुलूप आणि कडी-कोयंडे बसवायचं सामान ते वेगळ्या कॅनव्हासच्या गुंडाळीत ठेवत. कुलूप बसवायला निघाले की पेटी घरी राहायची आणि गुंडाळी काखेत. सामान हत्याराच्या जातीने लावायचं नाही, कामाने लावायचं, हा कानमंत्र मी त्यांच्याकडून घेतला आणि तोच तुला देतोय. आता हत्यारांना वीज आली, बॅटरी आली, तरी हे बदललेलं नाही.

म्हणजे कसं, ते सांगतो. भिंतीवर कपाट टांगायचं आहे. सगळ्या मशिनी एका पेटीत, सगळे बिट दुसरीत, सगळे फिशर आणि स्क्रू तिसरीत असं लावलंस, तर एका कपाटासाठी तीन पेट्या चौथ्या मजल्यावर न्याव्या लागतील. त्यापेक्षा ‘भिंत’ नावाची एकच पेटी कर. तिच्यात छोटी हॅमर मशीन, तिची बाजूची मूठ, खोलीची दांडी, ६, ८ आणि १० मिलिमीटरचे बिट, त्याच मापांचे फिशर, त्यांना बसणारे स्क्रू, भोकातली धूळ उडवायचा रबरी फुगा, गॉगल, मास्क, पेन्सिल. मशीनचे कार्बन संपले तर काम थांबतं, म्हणून जादा कार्बनची जोडी आणि ते बदलायला लागणारा पेचकसही त्याच पेटीत.

दुसरी पेटी ‘कपाट’. बॅटरीवरचा ड्रिल-ड्रायव्हर, ऑटो बिजागरीच्या वाटीसाठी ३५ मिलिमीटरचा बिट, आधी बारीक भोक पाडायचे दोन-तीन मिलिमीटरचे बिट, छोटा गुण्या, बिजागरीचे १६ मिलिमीटरचे स्क्रू. फुलीचे ड्रायव्हर बिट मात्र मूठभर ठेव. त्यांची टोकं झिजतात, आणि झिजलेला बिट स्क्रूचं डोकं खातो, वर लॅमिनेटवर घसरून ओरखडा काढतो. ओरखडलेल्या दाराचे पैसे गिऱ्हाईक तुझ्याकडूनच वसूल करणार.

पेन्सिल, मापाची टेप आणि कटर या तीन वस्तू प्रत्येक पेटीत वेगवेगळ्या ठेव. यात काटकसर करू नकोस. ‘टेप त्या पेटीत राहिली’ म्हणून खाली-वर करण्यात जो वेळ जातो, तो टेपपेक्षा महाग आहे.

ग्राइंडर आणि मार्बल कटर यांची पेटी मात्र सगळ्यांपासून वेगळी. त्यांच्यासोबत सिमेंट-दगडाची भुकटी येते, ती ड्रायव्हरच्या चकमध्ये आणि ट्रिमरच्या कॉलेटमध्ये शिरली की नेमकेपणा गेलाच. पेटीत ठेवताना ग्राइंडरचं व्हील काढून ठेवायचं. लावलेलं राहिलं तर हादऱ्याने कडेला टवका उडतो किंवा बारीक तडा जातो, आणि चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. तडा गेलेलं व्हील त्या वेगाने फुटलं की तुकडे तोंडावर येतात. कापायची पातळ व्हीलं आडवी, सपाट आणि कोरड्या जागी ठेव, कारण ती राळेने बांधलेली असतात आणि ओल धरतात. चांगल्या व्हीलच्या मधल्या धातूच्या कडीवर मुदतीची तारीख छापलेली असते. ती बघायची सवय लाव. मुदत संपलेलं व्हील स्वस्तात मिळालं तरी माझ्या पोरांच्या हातात मी ते देणार नाही.

आता पेट्यांची घराणी. १९९३ साली जर्मनीतल्या टॅनोस कंपनीने सिस्टेनर नावाची पेटी आणली. तिची खुबी साधी आहे. ३९६ बाय २९६ मिलिमीटरचा तळ सगळ्यांचा सारखा, बदलते ती फक्त उंची. म्हणून उथळ पेटी खोल पेटीवर बसते, खटक्याने जोडली जाते, आणि दोन पेट्या एका मुठीने उचलता येतात. मकिताच्या मॅकपॅकचा तळ जवळजवळ त्याच मापाचा. बॉशच्या एल-बॉक्सचा तळ मोठा, ४४२ बाय ३५७. मिलवॉकीने २०१७ मध्ये अमेरिकेत आणलेल्या पॅकआउटची खाचांची रचना आणखी वेगळी. मशीन कुठल्याही कंपनीची घे, पण पेट्यांचं घराणं एकच धर. एका घराण्याची पेटी सहसा दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही, आणि नुसती वर ठेवलेली पेटी पहिल्याच गतिरोधकाला खाली येते. मशीनसोबत फुकट मिळणारी ती फुगीर प्लॅस्टिकची डबी घरी माळ्यावर टाक. तिचं झाकण गोलसर असतं, तिच्यावर काहीच ठरत नाही.

विकत घेण्याआधी टेप घेऊन दोन जागा मोज. एक, तुझ्या स्कूटरची पाय ठेवायची जागा. दुसरी, पेटी हँडलपर्यंत किती उंच जाते ती. हँडल पूर्ण वळवून बघ. पेटीला अडत असेल तर ती पेटी तुझ्या स्कूटरची नव्हे, मग ती कितीही देखणी असो. आणि रिकाम्या पेटीचंही वजन असतं, दीड ते अडीच किलो. चार पेट्या म्हणजे सात-आठ किलो नुसतं प्लॅस्टिक तू जिन्याने वर नेणार.

रचताना आजीच्या स्वयंपाकघरातली उतरंड आठव. जड आणि क्वचित लागणारं तळाला, हलकं आणि घडोघडी लागणारं वर. ब्रेकर, हॅमर, ग्राइंडर खाली, ड्रायव्हरची पेटी त्यावर, स्क्रूंचा उथळ डबा सगळ्यांत वर. भरलेली एक पेटी दहा-बारा किलोच्या पुढे जाऊ देऊ नकोस. बऱ्याच सोसायट्यांत कामगारांना लिफ्ट मिळत नाही. तिथे चार पेट्यांची रास जोडून उचलण्यात शहाणपण नाही. दोन-दोनच्या जोड्या कर, दोन्ही हातांत सारखं वजन घे, म्हणजे कंबर एका बाजूला ओढली जात नाही. छोट्या चाकांची ट्रॉली आपल्या फुटपाथवर चालत नाही, फरशीच्या प्रत्येक फटीत अडकते. घ्यायचीच तर मोठ्या रबरी चाकांची हातट्रॉली घे.

पेटीच्या आतलं काम मन लावून कर, कारण यात पैसा कमी आणि फायदा जास्त. साधा स्पंज वापरू नकोस. तो पाणी पितो आणि काही वर्षांत चुरा होऊन मशीनच्या झरोक्यांत शिरतो. ईव्हीए किंवा बंद छिद्रांचा पॉलिथीन फोम घे. त्यावर मशीन आडवी ठेवून पेन्सिलने कड आखायची आणि धारदार कटरने सरळ उभं कापायचं. मुठीपाशी बोटं जातील एवढी जागा जास्त सोडायची, नाहीतर दर वेळी पेटी उलटी करून मशीन काढावी लागेल. खाली पिवळा किंवा लाल थर आणि वर काळा. एखादी वस्तू जागेवर नसली की रंग डोळ्यांत भरतो. विमानांच्या देखभालीत हत्यारांचे खण असेच करतात, कारण तिथे इंजिनपाशी विसरलेला एक पाना जीव घेऊ शकतो. आपल्या कामात जीव जाणार नाही, पण गिऱ्हाइकाच्या ओट्याखाली राहिलेला ग्राइंडरचा पाना दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात आठवतो.

वायर मशीनभोवती करकचून गुंडाळू नकोस. ती मशीनच्या मानेपाशी आतून तुटते आणि वरून काही दिसत नाही. सैल वेटोळं कर, वेलक्रोचा पट्टा लाव, बाजूच्या खणात ठेव. बंद करण्याआधी चकमधला बिट, जिगसॉचं पातं, ट्रिमरचा कटर काढायचाच.

टेम्पोने जाताना पेट्या केबिनच्या भिंतीला टेकवून लाव, कारण जोराचा ब्रेक लागला की सगळं पुढे झेपावतं. खाली जुनी रबरी चटई टाक, वरून रॅचेटचा पट्टा आवळ. नुसत्या सुतळीवर विसंबू नकोस. मुंबईत लोकलने जायचं तर मालडब्यातून जा, सामानाचं तिकीट काढून, गर्दीची वेळ टाळून. एसटीच्या डिकीत दुसऱ्यांची पोती आपल्या पेटीवर येतात, म्हणून तिथे सगळ्यांत मजबूत पेटी ठेव आणि लेझर लेव्हल मांडीवर घे. तिला धक्का लागला की रेष हलते, आणि तुला ते ओट्याच्या टाइल बसल्यावर कळतं.

पावसाळ्याचं नीट ऐक. रबरी सीलची पेटी घेतली की काळजी मिटली, असं सगळ्यांना वाटतं. पण ती पाणी बाहेर ठेवते तशीच आतली ओल आतही ठेवते. कोकणात जुलैमध्ये दिवसभर काम करून दमट, गरम मशीन सीलच्या पेटीत कोंडलीस, तर रात्री थंड झाल्यावर त्याच दमटपणाचं पाणी होतं आणि सकाळी चकवर तांबूस ठिपके दिसतात. घरी आल्यावर झाकणं उघडी टाकून पंख्याखाली ठेव, कोरड्या फडक्याने पूस, चक आणि बिटांवर तेलाचा हात फिरव, मग बंद कर. सिलिका जेलच्या पुड्या ठेव, रंग बदलणाऱ्या असतील तर बरं, म्हणजे कधी बदलायच्या ते कळतं. किनाऱ्याजवळ हे जास्तच सांभाळ, तिथल्या हवेत मीठ असतं.

बॅटऱ्यांची जागा स्वतंत्र. सुट्या स्क्रूंच्या खणात बॅटरी कधीच टाकू नकोस. दोन टोकांवर एक स्क्रू आडवा पडला तरी शॉर्ट होऊन ती पेटू शकते. प्रत्येकीला टोपी लाव, टोपी हरवली तर चिकटपट्टी. विदर्भात मे महिन्यात काम घेतलंस तर बंद गाडीत पेटी उन्हात सोडू नकोस, उष्णतेने लिथियम बॅटरीचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. महिनाभर वापरायची नसेल तर साधारण अर्धी चार्ज करून थंड जागी ठेव. पूर्ण भरून ठेवणंही वाईट आणि पूर्ण रिकामी करून ठेवणंही वाईट. कामावरून काढलेली गरम बॅटरी लगेच चार्जरवर चढवू नकोस, आधी निवू दे.

दूरच्या शहरात विमानाने जायचं झालं तर हिशेब पाठ ठेव. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. १८ व्होल्टची ५ अँपिअर-अवरची बॅटरी ९० वॉट-अवर होते. शंभरपर्यंतची चालते. १८ व्होल्टची ६ अँपिअर-अवरची १०८ होते, आणि १०० ते १६० मधल्या बॅटरीला विमान कंपनीची आधी परवानगी लागते, त्याही जादा दोनच नेता येतात. खोक्यावर ‘२० व्होल्ट मॅक्स’ लिहिलं असेल तर घाबरू नकोस. आत तेच पाच सेल असतात, पूर्ण भरलेले असताना जवळपास वीस दाखवतात, कामात अठरा. मशीन चेक-इनच्या सामानात टाकायची, सुट्या बॅटऱ्या मात्र टोकं झाकून हातातल्या सामानात. उलटं केलंस तर एकतर ड्रिल सुरक्षा तपासणीत जाईल, नाहीतर चेक-इनची पेटी उघडायला तुला परत बोलावतील.

शेवटचं काम नावं घालायचं. प्रत्येक पेटीवर वरच्या बाजूला आणि मुठीच्या बाजूलाही रंगीत पट्टी आणि मोठा आकडा लाव. रास लागली की वरची बाजू दिसत नाही. तुझ्याबरोबरचा मदतनीस बिहारचा असेल, ओडिशाचा असेल, त्याला मराठी नावं वाचता येतीलच असं नाही, पण ‘हिरवी, दोन नंबर’ म्हटलं की तो बरोबर आणेल. झाकणाच्या आत यादी चिकटव. सोसायटीच्या गेटवर वॉचमन रजिस्टरात हत्यारं लिहून घेतो, बाहेर पडताना तीच मोजतो. त्याला तोंडी सांगत बसण्यापेक्षा झाकण उघडून यादी दाखव आणि निघण्याआधी उघड्या पेटीचा मोबाइलवर फोटो काढ. संध्याकाळी तोच फोटो बघत भर. सुरुवातीला ‘भिंत’, ‘कपाट’ आणि ग्राइंडरची, अशा तीनच घे. ट्रिमर आणि जिगसॉ सध्या तुझ्या जुन्या पिशवीत जाड कापडात गुंडाळून राहू देत. वही भरली की इकडे ये, चौथी पेटी किती उंचीची घ्यायची ते दोघं मिळून बघू.