पोच

कागदाच्या काळात विद्यापीठाच्या कार्यालयात अर्ज द्यायचा तर विद्यार्थी दोन प्रती घेऊन जात असे. आवक खिडकीवरचा कारकून एक प्रत ठेवून घेई आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक टाकून ती परत देई. काम होईल की नाही, झालेच तर कधी, याबद्दल तो शिक्का एक अक्षर बोलत नसे. पण अर्ज पोहोचला, आता तो आपल्या नव्हे तर त्यांच्या टेबलावर आहे, एवढे विद्यार्थ्याच्या हाती राही. याला पोच म्हणत. ईमेल आला तेव्हा टपाल, शिक्का, खेपा सगळे गेले आणि त्यांच्याबरोबर पोचही गेली. पदव्युत्तर वर्गांच्या आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांशी अनेक वर्षे मेलवर व्यवहार केल्यावर माझे मत असे झाले आहे की, या व्यवहारातले बहुतेक घोळ, रुसवे आणि चुकलेल्या मुदती या एका जाण्यातून निर्माण होतात. पूर्वी मी याच्या अगदी उलट समजत होतो. विद्यार्थ्यांना मेल लिहिता येत नाही, विषय घालत नाहीत, फाईल जोडायला विसरतात, सारे दुखणे त्यांच्या बाजूला आहे, असा माझा पक्का समज होता. दुखणे त्यांच्या बाजूलाही आहेच, पण ते बरे करण्याचे औषध आपल्या बाजूला आहे.

शिक्षक मेलला उत्तर देत नाही ते बहुधा दुर्लक्षामुळे नव्हे. उलट चांगले उत्तर द्यायचे असते म्हणून तो थांबतो. संशोधक विद्यार्थ्याने तीस पानांचे प्रकरण पाठवले, तर ‘निवांत वाचून सविस्तर लिहू’ असे मनाशी ठरवून आपण त्या मेलवर चांदणी लावतो. निवांतपणा येत नाही. त्यावर दीडशे नवे मेल येऊन बसतात, चांदण्यांची रांग वाढत जाते आणि ज्याला सर्वात काळजीने उत्तर द्यायचे होते तोच मेल सर्वात खाली जातो. तिकडे विद्यार्थ्याला यातले काही दिसत नाही. त्याला फक्त शांतता दिसते, आणि दोन माणसांतला अधिकार असमान असला की शांततेला नेहमी अर्थ चिकटतो. सरांना लेखन आवडले नसावे, मॅडम रागावल्या असाव्यात, आपण काही चुकीचे लिहिले असावे. मग चार दिवसांनी भीतभीत दुसरा मेल, त्यानंतर व्हॉट्सॲपवर ‘सर, मेल बघितला का?’, मग एखाद्या सहकाऱ्यामार्फत चौकशी आणि शेवटी विभागाच्या दारात ‘जरा भेटायचं होतं’. एका प्रश्नाचे पाच निरोप झाले. शिक्षक म्हणतो, ही मुले किती मागे लागतात! त्यातले चार निरोप त्याने स्वतःच मागवलेले असतात.

हे केवळ मनाच्या हळवेपणाचे प्रकरण असते तर मी त्यावर इतके लिहिले नसते. पदव्युत्तर शिक्षणात, विशेषतः पीएचडीत, जवळजवळ प्रत्येक पायरी तारखेला बांधलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमावलीनुसार पीएचडीचा किमान कालावधी तीन वर्षे आणि कमाल सहा. पुनर्नोंदणी करून आणखी जास्तीत जास्त दोन वर्षे मिळू शकतात. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. महिला संशोधकांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते, पण ती मागावी लागते आणि मंजूर व्हावी लागते. पैशांचेही तसेच. कनिष्ठ संशोधक पाठ्यवृत्ती २०२३पासून महिना ३७,००० रुपये आहे, आणि ती विद्यार्थ्याच्या खात्यात पडायची तर संस्थेला दर महिन्याला पोर्टलवर पुष्टी द्यावी लागते. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या पाठ्यवृत्त्या घेणाऱ्यांनाही मार्गदर्शकाच्या सहीची कागदपत्रे सादर करावी लागतात. सहीसाठी आलेला मेल आपल्या लेखी किरकोळ असतो. खेड्यातून येऊन शहरात खोली भाड्याने घेतलेल्या मुलाच्या लेखी तो त्या महिन्याचे भाडे असतो. आपल्या आठ दिवसांच्या आळसाची किंमत तो घरमालकाला तोंड चुकवून मोजतो.

‘मी तो मेल पाहिलाच नाही’ हे उत्तर आपण सर्रास देतो आणि ते पुरेसे आहे असे मानतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० वेगळे सांगतो. त्याच्या कलम १३नुसार, संदेश घेणाऱ्याने एखादा पत्ता ठरवून दिला असेल तर संदेश त्या पत्त्याच्या यंत्रणेत शिरला की तो मिळाला, असे धरले जाते. उघडून वाचला की नाही हा प्रश्न नाही. विभागाच्या संकेतस्थळावर आपला पत्ता छापून आपण तो ठरवूनच दिलेला असतो. त्याच कायद्याचे कलम १२ तर चक्क पोच या विषयावर आहे. वेगळे काही ठरले नसेल तर पोच कोणत्याही निरोपाने, अगदी आपोआप जाणाऱ्या उत्तरानेही देता येते, असे ते म्हणते. कायद्याला यंत्राची पोच चालत असली तरी माझा तिच्यावर भरवसा नाही. ‘आपला संदेश मिळाला, लवकरच संपर्क साधू’ हे वाक्य बँका आणि मोबाईल कंपन्यांनी इतके झिजवले आहे की ते वाचून कोणाचाही जीव भांड्यात पडत नाही.

माणसाची पोच कशी असावी? ‘प्रकरण दुसरे मिळाले. शुक्रवारी १४ तारखेपर्यंत वाचून कळवतो. तोवर संदर्भसूचीचे काम चालू ठेवा.’ तीन वाक्ये. काय मिळाले, उत्तर कधी, तोवर काय करायचे. काय मिळाले याचे नाव घ्यावे, कारण त्यावरूनच विद्यार्थ्याला कळते की आपण चुकून जुनीच फाईल पाठवली. तारीख वाराने आणि आकड्याने लिहावी; ‘लवकरच’, ‘एक-दोन दिवसांत’ हे शब्द पोचेत नसलेलेच बरे. आणि तिसरे वाक्य सर्वात मोलाचे, कारण उत्तराची वाट पाहताना संशोधन थांबते ते बहुतेकदा पुढे काय करावे हे कोणी सांगितलेले नसते म्हणून. १४ तारीख पाळता आली नाही तर १४ तारखेलाच तसे कळवून नवी तारीख द्यावी. तारीख चुकण्याचे विद्यार्थ्यांना फारसे दुःख नसते, कारण तेही तारखा चुकवतात. चुकल्याचे कोणी सांगत नाही, त्याचे दुःख असते.

यावर पहिला आक्षेप वेळेचा, आणि तो खरा आहे. तास, परीक्षा, नॅकची कागदपत्रे, समित्या, रिक्त जागांमुळे दोघांचे काम एकावर. पण हिशेब मांडून पाहावा. त्याच २०२२च्या नियमावलीनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच पीएचडीचे विद्यार्थी असू शकतात. एम.ए., एम.एस्सी.चे वर्ग धरले तरी व्यक्तिगत उत्तर मागणारे मेल दिवसाला मूठभरच निघतात. बाकीची गर्दी परिपत्रकांची आणि परिषदांच्या जाहिरातींची असते. दिवसातून दोन ठरलेल्या वेळा पेटी उघडून आधी सर्वांना पोच द्यायची आणि उत्तरे नंतर लिहायची, असे केले की मागाहून येणारे चार-चार निरोप आटतात आणि एकूण वेळ घटतोच. उलट पद्धत, म्हणजे दिवसभर फोनवर टपकणारा प्रत्येक मेल तिथल्या तिथे बघणे, ही मात्र वेळखाऊ आहे आणि घाईत लिहिलेल्या उत्तरांची जननीही. रात्री साडेअकराला सुचलेले उत्तर लिहून ठेवायला हरकत नाही, पण ते सकाळी दहाला जाईल असे लावून द्यावे. ‘घाई नाही’ असे खाली लिहिले तरी रात्री आलेला मार्गदर्शकाचा मेल विद्यार्थी घाईनेच वाचतो. आणि रागाच्या भरात लिहिलेल्या उत्तराबद्दल एवढेच सांगतो की, पाठवलेला मेल मागे घेण्यासाठी जीमेल फार तर ३० सेकंद देते. राग त्याहून जास्त टिकतो.

दुसरा आक्षेप जुन्या पिढीतल्या सहकाऱ्यांचा. हे सगळे लाड आहेत, पदव्युत्तर विद्यार्थी म्हणजे शाळकरी पोर नव्हे. शिवाय गुरू-शिष्यात लिखापढी कशाला, विश्वास पुरेसा आहे. लाडाबद्दल म्हणायचे तर पोच देणे म्हणजे विद्यार्थ्याचे काम करून देणे नव्हे; ते केवळ काम कोणाच्या टेबलावर आहे हे सांगणे आहे. विश्वासाचे थोडे वेगळे आहे. विश्वास असला तरी स्मरणशक्ती दोघांचीही सारखीच फसवी असते. चहा पिताना ‘तिसरे प्रकरण गाळून टाकू’ असे ठरते, दीड वर्षाने मार्गदर्शक विचारतो, तिसरे प्रकरण कुठे आहे? कोणीच खोटे बोलत नसते. तोंडी बोलणे झाल्यावर विद्यार्थ्यानेच दोन ओळींत ‘आज असे ठरले’ लिहून पाठवावे आणि शिक्षकाने ‘बरोबर’ किंवा ‘एक दुरुस्ती’ म्हणून पोच द्यावी, ही सवय मला सर्वात उपयोगी वाटते. प्रकरण हातघाईवर आले तर हीच ओळ दोघांची साक्षीदार असते. २०२३च्या आयोगाच्या नियमांनी प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती बंधनकारक केली आहे आणि तिने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा असे म्हटले आहे. त्या समितीपुढे आठवणी नव्हे, कागद मांडावे लागतात.

तिसरा आक्षेप विद्यार्थ्यांचा आहे आणि तो मला जास्त विचार करायला लावतो: आता सगळे व्हॉट्सॲपवर चालते, मेल कशाला? निळ्या खुणा ही एक प्रकारे पोचच आहे, असे ते म्हणतात. पण निळी खूण ‘पाहिले’ एवढेच सांगते. पाहिले आणि उत्तर नाही, ही तर पोच नसण्याहून वाईट अवस्था. शिवाय फोन बदलला, गट मोडला, की ठरलेले सगळे हवेत. वेळ कळवणे, तास रद्द झाल्याचे सांगणे, एवढ्यासाठी गट उत्तम. परवानगी, मुदत, गुण, सही, मसुद्यावरची मते यांची जागा मेलमध्ये. हे वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून टाकावे, आणि मग व्हॉट्सॲपवर आलेल्या अशा प्रश्नाला न चिडता ‘मेल करा’ एवढे लिहावे. आपणच कधी इथे, कधी तिथे उत्तरे दिली तर नियम आपणच मोडला.

प्रतींचा विषय लहान वाटतो, पण तिथे पाय घसरतो. सरकारी पत्राच्या तळाशी ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर’ असे असते. ती ओळ वाचून प्रत कोणाला गेली हे सर्वांना कळते. मेलमधली उघड प्रत तशीच. विद्यार्थ्याने रजेबद्दल काही विचारले आणि आपण उत्तर देताना विभागप्रमुखांना प्रत जोडली, तर विद्यार्थी ती माहिती म्हणून नव्हे, तक्रार म्हणून वाचतो. जोडायचीच असेल तर का जोडली ते एका वाक्यात सांगावे. गुप्त प्रत मी एकाच कामासाठी वापरण्याजोगी मानतो, सर्व वर्गाला मेल पाठवताना एकमेकांचे पत्ते उघडे पडू नयेत म्हणून. सगळ्यांच्या गुणांचा तक्ता सगळ्यांना पाठवणे तर बंदच व्हायला हवे. कोण कितीने नापास झाला हे इतर चाळीस जणांना कळण्याचे कारण नाही. आणि विभागाचा व्यवहार पदाच्या पत्त्यावरून व्हावा. विभागप्रमुखपद फिरते असते. खासगी खात्यावरून केलेला पत्रव्यवहार त्या व्यक्तीबरोबर निघून जातो आणि नव्या प्रमुखाला पेटी रिकामी मिळते.

भाषेबद्दल. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी मेल मात्र इंग्रजीत लिहितो, कारण अर्ज इंग्रजीतच करायचा असतो अशी समजूत. त्यात तीन ओळी आदराच्या, दोन क्षमायाचनेच्या, आणि प्रश्न कुठेच नाही. अलीकडे हे मेल एकाएकी सफाईदार झाले आहेत; चॅटजीपीटीने लिहून दिलेले परिच्छेद गुळगुळीत असतात आणि प्रश्न त्यांतही हरवलेलाच असतो. ‘मराठीत लिहा, आधी प्रश्न लिहा, एका मेलमध्ये एकच विषय’ एवढे सांगितले की मेल निम्मे होतात. आपणही मराठीत उत्तर द्यावे. समोर आपण अरे-तुरे करत असलो तरी मेलमध्ये अहो-जाहो करावे, असे माझे मत आहे. तो मेल उद्या तिसऱ्याच कोणाच्या टेबलावर वाचला जाईल. पाचपोच या शब्दातही शेवटी पोच आहेच.

काही गोष्टी मात्र मेलवर लिहूच नयेत. प्रकरण पूर्णपणे फसले आहे, विषय बदलावा लागेल, समितीने नकार दिला आहे, किंवा विद्यार्थ्याच्या लिहिण्यातून तो खचला आहे असे जाणवते आहे, अशा वेळी मेलचा उपयोग भेट ठरवण्यापुरताच. तोही ‘भेटा’ एवढा कोरडा नसावा, कारण त्या एका शब्दावर दोन रात्री जागून काढणारी मुले असतात. ‘तिसऱ्या प्रकरणाबद्दल बोलायचे आहे, गुरुवारी चार वाजता, अर्धा तास लागेल’ असे लिहावे. काय बोलणे झाले ते सगळे मेलमध्ये उतरवण्याची गरज नाही. काय ठरले तेवढे उतरवावे, आणि ते त्याच संध्याकाळी.