लोकरीचा गालिचा: काय करावे, काय टाळावे

गालिचा काश्मीरचा असो की भदोहीचा, डागापेक्षा डाग काढण्याच्या घाईतच तो जास्त खराब होतो. लोकर म्हणजे मेंढीचे केस, प्रथिनाचा धागा. तिला खार सोसत नाही, कढत पाणी सोसत नाही आणि रगडणे तर मुळीच नाही.

काय करावे

• सांडले की लगेच टिपा. पांढरे सुती फडके दाबून धरा, उचला, कोरडी बाजू घेऊन पुन्हा दाबा. कडेकडून मध्याकडे या, म्हणजे डाग पसरत नाही. फडके पांढरेच हवे. रंगीत फडक्याचा रंग गालिच्यात उतरू शकतो.

• चहाचा डाग टिपल्यावर गार पाण्याचे फडके फिरवा. तरी राहिला तर एक भाग पांढरे व्हिनेगर, तीन भाग पाणी. त्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने टिपा. शेवटी साध्या पाण्याने.

• रस्सा सांडला तर आधी चमच्याने उचला, मग तेल शोषायला मक्याचे पीठ भुरभुरून तासभर ठेवा. पीठ झटकल्यावर लिटरभर गार पाण्यात चमचाभर ईझीसारखे लोकरीचे कपडे धुण्याचे द्रव घालून फक्त फेस वापरा.

• कुठलेही द्रावण आधी मागच्या कोपऱ्यावर लावून पाहा. फडक्यावर रंग आला तर तिथेच थांबा.

• ओला भाग खुर्चीवर उचलून पंखा लावा, खालूनही वारा लागू द्या. वरची लव कोरडी लागली तरी आतला सुती ताणा ओला असतो, आणि तो कुजला की गाठी धरायला काही उरत नाही. म्हणून पावसाळ्यात गालिचा घरी धुवायला काढूच नका.

• सोफ्याखालचा भाग दर महिन्याला उचलून झाडा. कसर अंधारात, हात न लागणाऱ्या जागी होते. लोकर खाते ती अळी. उडणारा पतंग खात नाही. कडुनिंबाच्या पाल्यावर विसंबू नका, झाडणे आणि हलवणे हाच खरा उपाय.

काय टाळावे

• हळदीच्या डागावर कपड्याचा साबण किंवा सोडा नको. हळदीला चुना लावून कुंकू होते ना, तेच इथे होते: खार लागला की पिवळा डाग लाल पडतो. हळद उन्हाने फिकी होते खरी, पण भर उन्हात गालिच्याचे रंगही उडतात. कोवळ्या उन्हात, तेही थोडाच वेळ ठेवा.

• ब्लीच कधीही नको. ते लोकरीचा धागाच विरघळवते. डाग खाणाऱ्या एन्झाइमची पावडरही नको, कारण त्यातली काही एन्झाइमे प्रथिने तोडतात आणि लोकर प्रथिनच आहे.

• ब्रशने घासू नका. लव पिंजते, मग डाग गेला तरी तो भाग वेगळा दिसतो.

• व्हॅक्यूमचा फिरता ब्रश बंद ठेवा, झालरीवर नळी नेऊ नका. सुटलेला धागा ओढू नका, कात्रीने कापा.

• घडी घालून, प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवू नका. गुंडाळी करून सुती चादरीत ठेवा.

रेशीम मिसळलेला, जुना किंवा पाळीव प्राण्याच्या मुताने आतपर्यंत भिजलेला गालिचा जाणकार धुलाईवाल्याकडेच द्या. देताना डाग कशाचा आहे आणि घरी त्यावर काय काय लावले, हे न लपवता सांगा.